वैमानिकाची तपासणी आणि आपली

साठी ओलांडलेल्या व्यावसायिक वैमानिकाला दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. मद्यपान केल्यास त्यानंतर निदान १२ तास त्याला उड्डाण वर्ज्य असते. रस्त्यावर मात्र पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण एकदम पाच वर्षांसाठी होते. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली.

पाच वर्षांत शरीर पुष्कळ बदलते. मोतीबिंदू वाढतो. काचबिंदू बाजूची दृष्टी नकळत हिरावून घेतो. मान पुरेशी वळत नाही. इन्सुलिनने किंवा मधुमेहाच्या काही गोळ्यांनी रक्तातील साखर अचानक उतरू शकते. झोपेच्या गोळीची आणि सर्दी-खाजेवरील काही औषधांची गुंगी सकाळपर्यंत टिकते. या काळात आपली तपासणी करणारे महासंचालनालय नसते. ते काम घरालाच करावे लागते.

विमान वाहतुकीचा आणखी एक नियम घराने उचलावा असा आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार विमान अपघाताच्या अन्वेषणाचा हेतू एकच असतो : तसा अपघात पुन्हा होऊ नये. दोष कोणाचा, हे ठरवणे त्याच्या कक्षेत येत नाही. आपल्याकडे आजोबांची गाडी फाटकाला घासली, की ‘आता तुम्हाला जमत नाही’ असा निकाल लागतो. मग पुढचा ओरखडा आजोबा लपवतात, आणि खरे कारणही त्याबरोबर झाकले जाते.

म्हणून शांतपणे विचारावे : वेळ कोणती होती? समोरून प्रकाश डोळ्यांवर येत होता का? कोणती गोळी घेतली होती? जेवण झाले होते का? ही उत्तरे डॉक्टरांना सांगावीत. दरवर्षी डोळ्यांची, काचबिंदूसह, तपासणी करावी. औषध परस्पर बंद करू नये, पर्याय विचारावा. काहींना रात्रीचे वाहन चालवणे सोडले तरी पुरते.

कधी किल्ली कायमची ठेवावी लागते. तेव्हा देवदर्शन, बँक, मित्रमंडळी यांसाठी रिक्षा वा सोबतीची व्यवस्था आधी करावी, मग किल्ली मागावी. तपासणीनंतर जमिनीवर राहिलेल्या वैमानिकाचा कोणी अपमान करीत नाही. घरातल्या ज्येष्ठालाही तोच मान मिळावा.