ऐकणाऱ्या कानांची हेळसांड

नौपाड्यात प्रसूतिगृहांना तोटा नाही. गोखले रस्ता आणि राम मारुती रस्ता यांच्या आसपासच्या गल्ल्यांतून त्यांच्या पाट्या जागोजाग दिसतात. दाराबाहेर ताटकळणाऱ्या आप्तांना नवजात अर्भकाच्या पहिल्या रडण्याहून गोड स्वर ठाऊक नसतो. परंतु तोच स्वर दिवसातून अनेक वेळा, हातभर अंतरावरून, वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या परिचारिकेच्या कानांचे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

रस्त्यावरच्या गोंगाटाविरुद्ध ठाणेकरांनी झगडा दिला आहे. येथील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. महेश बेडेकर यांनी २०१० साली मुंबई उच्च न्यायालयात केलेल्या जनहित याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये निकाल झाला, आणि गोंगाटापासून मुक्त वातावरण हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २००० सालच्या नियमांनी शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. २०१७ साली त्या क्षेत्रांसाठी शासकीय अधिसूचनेची अट आली, हे दुर्दैव. तरी रस्त्यावरच्या आवाजाला निदान नियम आहे, मोजमाप आहे. प्रसूतिकक्षाच्या आतील आवाजाची दाद कोणाकडे मागावी?

तेथील आवाज किरकोळ नाही. वेणा देणाऱ्या मातेचा आक्रोश, यंत्रांचे इशारे, पोलादी भांड्यांचा खणखणाट, आणि त्यावर अर्भकाचे रडणे, जे जवळून मोजल्यास १०० डेसिबलच्याही पुढे जाऊ शकते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपलीकडे ऐकू नये, असा तज्ज्ञांचा दंडक आहे. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते; म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. स्वीडनमधील प्रसूतिविभागाच्या कर्मचाऱ्यांची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली, तीत कानांत सतत गुणगुण होणे आणि आवाजाने कान शिणणे या तक्रारींचा संबंध कामावरील गोंगाटाशी आढळला. कानाच्या आतील सूक्ष्म पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. हानी प्रथम उंच स्वरांत होते, म्हणून ती माणसाच्या ध्यानातही उशिरा येते.

कोणी म्हणेल, बाळाने रडू नये काय? मातेने ओरडू नये काय? मुळीच नाही. ज्या बाळाच्या रडण्याची सारे वाट पाहतात, त्याला गप्प करण्याची भाषा कोणी करणार नाही. वेदनेने ओरडणाऱ्या स्त्रीवर डोळे वटारणे हे तर माणुसकीला काळिमा फासणारे होईल. बंदोबस्त करावयाचा तो टाळता येण्याजोग्या गोंगाटाचा, आणि जपावयाचे ते न टळणाऱ्या आवाजात उभे राहणाऱ्यांचे कान.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश होता. यंत्रमागाजवळच्या कामगाराचे कान मोलाचे, मग गर्भाच्या हृदयाचे ठोके टिपणाऱ्या दाईचे कान कवडीमोल काय? ते ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. ते मंदावले की दोन जीव धोक्यात येतात. यंत्र मदतीला असले, तरी धोक्याची पहिली चाहूल पुष्कळदा माणसाच्या कानालाच लागते.

आमची मागणी माफक आहे. महापालिकेने प्रथम आपल्या स्वतःच्या प्रसूतिगृहांत आवाज मोजावा. परिचारिका, डॉक्टर आणि आया यांची श्रवणचाचणी नोकरीच्या आरंभी व पुढे दरवर्षी विनामूल्य व्हावी. गाड्यांच्या चाकांना रबर, ट्रेखाली जाड कापड, जनित्र इमारतीबाहेर, आणि प्रसूतिकक्षातील पाळ्यांची अदलाबदल, एवढ्याने पुष्कळ साधेल. संभाषण ऐकू येईल अशा बेताने आवाज कमी करणारी कर्णरक्षकेही मिळतात. खासगी प्रसूतिगृहांनी हुकमाची वाट पाहू नये.

प्रस्तुत लेखकाने उमेदीची वर्षे शाळेत काढली. गजबजलेल्या वर्गातून घरी परतल्यावर कानांत घुमणारा गलका त्याला परिचयाचा आहे. परंतु शाळेला सुट्टी असते, प्रसूतिगृहाला ती नसते. जन्मास येणाऱ्या प्रत्येक ठाणेकराची पहिली हाक ज्या कानांनी ऐकली, त्यांची हाक नगराने ऐकू नये, हे शोभणारे नाही.