जुन्या वाद्याचें मूळ रोगण

घरांत, शाळेंत अथवा देवळांत जुना पियानो असला, कीं त्याचें मळकट लांकडी अंग पाहून सुताराला बोलावण्याचा मोह बहुतेकांस होतो. सुतार काचकागद घासतो, आणि कोणा कुशल कारागिराचें काम घटकाभरांत भुकटी होऊन खालीं पडतें. माझें मत असें, कीं वरचें रोगण मूळचें कीं मागाहून दिलेलें, याचा निर्णय झाल्यावांचून काचकागदास हात लावूं नये.

परीक्षा दर्शनी चकाकीपासून नव्हे, आडजागेपासून आरंभावी. बिजागरीचे स्क्रू काढून ती अलगद उचलावी. खालचा रंग गडद व भोंवतालचा फिका दिसला तर त्यांत नवल नाहीं. तो उजेडाचा परिणाम होय. परंतु रोगणाची कड पितळेवर चढली असेल, किंवा स्क्रूच्या खांचेंत रोगण सांचलें असेल, तर मागाहून कोणीं तरी कुंचला फिरविला असें समजावें. झीजहि बोलकी असते. झांकणाच्या ज्या कडेस बोटें लागावयाचीं ती झिजलेली असावी. ती नव्यासारखी आणि कोपरे मात्र घासून गोल झालेले, हें लक्षण संशयास्पद होय.

एकोणिसाव्या शतकांतील पियानोंवर बहुधा फ्रेंच पॉलिश असे. नांव फ्रेंच खरें, पण त्याचा जीव म्हणजे चपडा लाख, आणि ती छोटानागपूरसारख्या आपल्याच प्रदेशांतील झाडांवरचे किडे तयार करितात! ही लाख स्पिरिटांत विरघळते. म्हणून न दिसणाऱ्या जागीं कापसाच्या बोळ्यानें किंचित् स्पिरिट लावल्यास ती चिकट होते. पॉलियुरेथेनसारख्या अलीकडच्या रोगणास त्यानें कांहींच होत नाहीं.

येथें पुष्कळांची गफलत होते. लाख निघाली म्हणजे रोगण मूळचें ठरलें, असें नाहीं. पुढच्या कारागिरानेंहि लाखच वापरली असेल. उलट, १८९० च्या पियानोवर पॉलियुरेथेन निघालें, तर तें मागाहूनचें याविषयीं शंका नको, कारण तेव्हां तें अस्तित्वांतच नव्हतें. सारांश, स्पिरिट ‘नाहीं’ असें खात्रीनें सांगतें, ‘होय’ म्हणावयास बिजागरीखालची साक्षच हवी.

पावसाळ्यांतील दमट हवेनें लाखेवर पांढुरकी छटा येते. तेवढ्यावरून पालकांनीं रोगण मेलें असें मानूं नये. जाणता पॉलिशवाला पुष्कळदां तें न खरवडतां ती घालवितो. स्पिरिटाचा प्रयोग मात्र मुलांनीं आपल्या हातें करूं नये. स्पिरिट पेट घेतें, आणि एक थेंब अधिक पडला तरी डाग राहतो.