सहावीतले घोषवाक्य

जपानला जाऊन आलेल्या मनुष्याने फुजी पर्वत, क्योतोची देवळे आणि ती वाऱ्याच्या वेगाने धावणारी गाडी यांविषयी बोलावे, अशी ऐकणाऱ्यांची रास्त अपेक्षा असते. गेल्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही उभयता कन्येकडे तोक्योस जाऊन आलो, आणि परतल्यापासून बेळगावातील शेजारी, शाळेतील सहकारी व नित्याचे स्नेही या सर्वांनी याच तीन गोष्टी विचारल्या. त्यांची उत्तरे सौभाग्यवती माझ्याहून चांगली देते. तेव्हा ती तिच्यावर सोपवून मी वाचकांना एका निराळ्याच दिवसाची हकीकत सांगणार आहे. त्या दिवशी आम्ही बापलेक फुकुशिमा प्रांतातील फुताबा नावाच्या गावी गेलो होतो.

ही इच्छा मी प्रथम बोलून दाखविली तेव्हा सौभाग्यवती नातवाला भरवीत होती. ती म्हणाली, "अहो, तिथं देव नाही, देऊळ नाही. लोक जिथून जीव घेऊन पळाले, तिथं तुम्ही तिकीट काढून जाणार?"

प्रश्न सरळ होता आणि माझ्याजवळ त्याचे सरळ उत्तर नव्हते. अशा प्रवासाची प्रथा पडली ती चेर्नोबिलमुळे. १९८६ च्या एप्रिलमध्ये तेथील अणुभट्टी फुटली आणि शेजारचे प्रिप्यात शहर एका दुपारी रिकामे केले गेले. २०११ साली युक्रेनच्या सरकारने ते ओसाड शहर प्रवाशांना रीतसर खुले केले आणि २०१९ साली वर्षाकाठी लाखाहून अधिक माणसे ते पाहून गेली. २०२२ साली युद्ध सुरू झाले तेव्हा ती रीघ थांबली. तेथील पाळणाघरातल्या बाहुल्या मोडक्या खाटांवर कोणी तरी हौसेने मांडून ठेवल्याची छायाचित्रे मी पाहिली आहेत. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याच्या मुलाचे खेळणे आपल्या चित्रासाठी हलवावयाचे, हा प्रकार मला कधी रुचला नाही. चेर्नोबिलला जावे असे म्हणूनच वाटले नव्हते. फुताबाला जावेसे वाटले ते एका पाटीमुळे. तिच्याविषयी मी काही वर्षांपूर्वी वाचले होते आणि ती मनातून जात नव्हती.

पाटीकडे वळण्यापूर्वी घटना थोडक्यात सांगतो. ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास जपानच्या ईशान्य किनाऱ्यापाशी समुद्रात प्रचंड भूकंप झाला. फुकुशिमा येथील अणुवीज केंद्राच्या चालू भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप बंद पडल्या. परंतु भट्टी बंद पडली म्हणजे निवत नाही. चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तद्वत तिच्यातील इंधन पुढे कित्येक दिवस उष्णता देत राहते आणि त्यावर अखंड पाणी खेळवावे लागते. सुमारे पाऊण तासाने समुद्राची लाट आली, तिने पाणी खेळविणाऱ्या पंपांची वीज तोडली, आणि तीन भट्ट्यांचे इंधन वितळले. दुसऱ्या दिवशी पहाटे दहा किलोमीटरच्या आतील आणि त्या संध्याकाळी वीस किलोमीटरच्या आतील सर्व रहिवाशांना घरे सोडण्याचा हुकूम झाला. फुताबाची वस्ती सुमारे सात हजार. गावाची कचेरीसुद्धा लोकांबरोबर निघाली. साइतामा प्रांतात एका बंद पडलेल्या हायस्कुलाच्या इमारतीत तिने बस्तान मांडले आणि गावातील सुमारे चौदाशे माणसे त्या शाळेच्या वर्गांतून राहू लागली. काहींनी तेथे अडीच वर्षांहून अधिक काळ काढला. वर्गखोली म्हणजे काय आणि तिच्यात किती माणसे मावतात हे ज्याला रोज पाहावे लागते, त्याला हे वाचून पुढचे पान चटकन उलटता येत नाही.

तोक्योतील उएनो स्थानकातून थेट गाडी आहे. साडेतीन तासांच्या आसपास लागतात. फुताबाचे स्थानक नवेकोरे, स्वच्छ, आणि आम्ही उतरलो तेव्हा जवळजवळ निर्मनुष्य. समोरच किरणोत्साराचे आकडे दाखविणारे यंत्र उभे होते. त्यावरचा आकडा पाहून मी थबकलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, येताना विमानात तुम्ही तासाला याच्या कितीतरी पट घेतला आहे. चला." स्थानकाभोवतीचा भाग साफ करून २०२२ च्या ऑगस्टअखेर लोकांना परतण्याची मुभा मिळाली. आसपासच्या सर्व गावांत वस्तीसाठी सर्वांत शेवटी उघडलेले गाव हेच. आज तेथे राहणाऱ्यांची मोजणी शेकड्यांतच संपते. काही भिंतींवर मोठी रंगीत चित्रे काढली आहेत. नवी घरे आहेत. आणि दोन नव्या घरांच्या मध्ये एखादे जुने, ज्याच्या छपरातून झाड वर आले आहे. बाकी सगळीकडे मोकळे, तण माजलेले चौकोन. येथे घर होते हे पायरीच्या दगडावरून ओळखावयाचे. मी कोठेही पाऊल आत टाकले नाही. कुंपण नव्हते, तरीही.

आता ती पाटी. गावाच्या मुख्य रस्त्यावर एक कमान होती आणि तिच्यावर ठळक अक्षरांत एक ओळ होती. तिचा मराठीत अर्थ असा : "अणुशक्ती : उज्ज्वल भविष्याची ऊर्जा." ही ओळ कोणा मंत्र्याची नव्हे, की जाहिरात करणाऱ्या कंपनीची नव्हे. १९८०-९० च्या दशकात गावाने घोषवाक्ये मागविली, तेव्हा शाळेतील सहावीच्या मुलांना ते गृहपाठ म्हणून देण्यात आले. एका बारा वर्षांच्या मुलाचे वाक्य निवडले गेले, त्याचा सत्कार झाला, आणि त्याचे शब्द कमानीवर चढले. पुढे वीसहून अधिक वर्षे गावात येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या शब्दांखालून गेला. त्या मुलाला त्याचा अभिमान वाटे. का वाटू नये? गावात रस्ते झाले, नोकऱ्या आल्या. वीज मात्र तोक्योकडे जात होती. फुकुशिमाच्या घरांत दुसऱ्या कंपनीचे दिवे लागत. माझ्या मुलीचे घर त्याच तोक्योत आहे, हे त्या दिवशी आम्ही दोघांनीही एकमेकांस बोलून दाखविले नाही.

२०११ साली तो मुलगा कर्ता पुरुष झाला होता आणि इतरांबरोबर त्यालाही गाव सोडावे लागले. पुढे तो थोडा वेळ आत जाण्याची परवानगी काढून, अंगभर पांढरा संरक्षक पोशाख घालून परत आला. त्या कमानीसमोर उभे राहून त्याने एक कागद असा उंच धरला, की "उज्ज्वल" या शब्दाच्या जागी "विनाश" हा शब्द वाचला जावा. आपण सहावीत लिहिलेले वाक्य त्याने दुरुस्त केले. २०१५ साली कमान जुनी व धोकादायक झाली म्हणून ती उतरविण्याचे ठरले, तेव्हा तिला सर्वांत जास्त विरोध केला तो यानेच. तिला राहू द्या, असे त्याचे म्हणणे. त्यासाठी त्याने सह्याही गोळा केल्या. ज्याला त्या अक्षरांची सर्वांत अधिक लाज वाटावयाची, त्यालाच ती जागेवर हवी होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पाटी उतरली. गावात समुद्राच्या बाजूस २०२० साली आपत्तीचे संग्रहालय उघडले आहे, स्थानकापासून बसने पाच-सात मिनिटांवर; तो मजकूर आता तेथे पाहावयास मिळतो.

मुलीने मला ती अक्षरे एकेक करून वाचून दाखविली. मी म्हटले, "हे तर आपल्या शाळेच्या भिंतीवरचं वाटतं." ती हसली, पण मी विनोद केला नव्हता.

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी मराठी शाळेत शिक्षण घेतले त्यांनी "विज्ञान : शाप की वरदान" हा निबंध आयुष्यात एकदा तरी लिहिला असेल. मी तो लिहिला, आणि गेली तीस वर्षे तपासीत आलो आहे. शेवटच्या परिच्छेदात वरदान ठरले पाहिजे, हा त्यातला अलिखित नियम. २००९ च्या फेब्रुवारीत, मी सहशिक्षक असताना, विज्ञान दिनानिमित्त आम्ही घोषवाक्य स्पर्धा ठेवली होती. विषय "अणुऊर्जा". कारवारकडचे कैगा आम्हांस फार दूर नाही, त्यामुळे विषय मुलांना परका नव्हता. सातवीतल्या एका मुलीने लिहिले :

"वीज घरोघरी, राख कुणाच्या दारी?"

मी त्या चिठ्ठीवर लाल शाईने शेरा मारला : "अणुवीज केंद्रात राख होत नाही. विषयांतर." पहिले बक्षीस ज्या वाक्याला दिले त्यात "उज्ज्वल" हा शब्द होता एवढे निश्चित आठवते, बाकीचे वाक्य आठवत नाही. मुलीचे मात्र स्वल्पविरामासह आठवते. शेरा शास्त्रदृष्ट्या बरोबरच होता. कोळसा आणि अणू यांची तिने गल्लत केली होती, हे आजही मी नाकारणार नाही.

संग्रहालयाच्या गच्चीवरून दक्षिणेकडे पाहिले की सपाट, हिरवी-करडी जमीन दिसते. हे साठवणीचे क्षेत्र : फुताबा आणि शेजारचे ओकुमा या दोन गावांची मिळून सोळाशे हेक्टर. प्रांतभरच्या शेतांतून, अंगणांतून, शाळांच्या मैदानांवरून वरचा थर खरवडून काढलेली दूषित माती येथे आणून ठेवली आहे. तिचे माप सुमारे एक कोटी चाळीस लक्ष घनमीटर. २०४५ सालापर्यंत ती प्रांताबाहेर कायमची हलवावी असा कायदा आहे, आणि ती आपल्याकडे घेण्यास पुढे आलेला प्रांत अजून नाही. मुलगी माहितीफलक वाचून सांगत होती. "मातीबरोबर आणखी काय आहे?" मी विचारले. साफसफाईत निघालेली झाडेझुडपे, गवत, पडक्या घरांचे लाकूडसामान हे सारे जाळून त्याचा आकार कमी केला गेला, आणि तेही येथेच साठविले आहे, असे तिने सांगितले.

"म्हणजे राख," मी म्हणालो.

"हो, राख."

तेथून टॅक्सी करून आम्ही उत्तरेस, लगतच्या नामिए गावातील उकेदो शाळा पाहावयास गेलो. हे माझ्या यादीत नव्हते. मुलीने परस्पर ठरविले होते, आणि तिचे बरोबर होते. ही प्राथमिक शाळा समुद्रापासून अवघ्या तीनशे मीटरांवर आहे. त्या दुपारी पहिलीची मुले घरी गेली होती. उरलेली ब्याऐंशी मुले शाळेत होती. धरणी थांबताच शिक्षकांनी पालकांची वाट न पाहता मुलांना घेऊन दीड किलोमीटरवरील ओहिरा टेकडीची वाट धरली. पायथ्याशी आल्यावर वर चढण्याचा रस्ता कोणता हे मोठ्यांना कळेना, तेव्हा एका विद्यार्थ्याने आपल्याला ठाऊक असलेली पायवाट दाखविली आणि शिक्षक त्याच्या मागे गेले. लाट शाळेच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत चढली. ब्याऐंशीही मुले आणि सर्व शिक्षक वाचले.

२०२१ पासून ती इमारत आहे त्या अवस्थेत लोकांसाठी खुली आहे. खालच्या वर्गांत भिंतींच्या आतल्या सळ्या उघड्या पडल्या आहेत. व्यायामगृहाची जमीन खचली आहे. व्यासपीठावर पदवीदान समारंभाचा फलक लटकतो आहे, कारण तयारी त्याचीच चालली होती. मुख्याध्यापकाचे डोळे नको तेथे जातात : मी घड्याळ पाहिले, नळ पाहिले, हजेरीपत्रके ठेवावयाचे कपाट कोठे असेल याचा अंदाज घेतला. वरच्या वर्गातील फळ्यावर पुढे मदतीस आलेल्या जवानांनी, परतलेल्या गावकऱ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी खडूने लिहिलेले निरोप तसेच जपले आहेत.

मुले वाचली, त्या वस्तीतील सर्व माणसे नाही. रात्री ढिगाऱ्यांत जिवंत माणसांची चाहूल लागली होती. उजाडताच शोध घ्यावयाचा असे ठरले होते. उजाडले ते दहा किलोमीटरच्या हुकुमाने. शोधपथकाला माघारी फिरावे लागले आणि पुढे महिनाभर तेथे कोणी जाऊ शकले नाही. लाटेने जे केले त्याहून हे मला अधिक सोसवले नाही. किनाऱ्याच्या रेषेत, दक्षिणेकडे, वीज केंद्राच्या धुराड्यांची टोके दिसतात. मी ती पाहिली आणि जिना उतरलो.

परतीच्या गाडीत मुलीला मी २००९ सालच्या त्या चिठ्ठीविषयी सांगितले. ती म्हणाली, "बाबा, मग तिला बक्षीस कुणी दिलं नाही?"

"नाही."

"उत्तेजनार्थसुद्धा?"

"परीक्षक मीच होतो."

ती पुढे काही बोलली नाही. तोक्यो जवळ येऊ लागले तसे खिडकीबाहेर दिवे लागत गेले, एकामागून एक इमारत, सगळे मजले. घरी पोहोचल्यावर सौभाग्यवतीने पाय धुवून आत या असे बजावले, आणि बूट दाराबाहेर ठेवावयास लावले. मी आकड्यांविषयी समजावू लागलो, तर म्हणाली, "आकडे असू देत. पाय धुवा." मी धुतले.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी जुन्या स्पर्धांचे कपाट उघडून पाहिले. चिठ्ठ्या अर्थातच नव्हत्या; इतकी वर्षे कोण ठेवतो? स्पर्धांची नोंदवही मात्र सापडली. २००९ च्या पानावर विषय आहे, दिनांक आहे, परीक्षक म्हणून माझी सही आहे, आणि खाली पहिल्या तीन क्रमांकांची नावे. बाकीच्यांची नावे लिहिण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. त्या मुलीचे नाव मला आठवत नाही.