रक्ताची तपासणी जीव वाचवण्यासाठी हवी!

कपिलधारच्या परिसरात आजही कुणाला फेफरे आले की नाकाला चप्पल लावतात, मांत्रिकाकडे नेतात आणि ‘घराण्यातच आहे’ म्हणून मुलीचे लग्न मोडतात. कायदा मात्र पुढे गेला. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्याच्या अटींतून फेफऱ्याचा उल्लेख १९९९ साली वगळला गेला.

विज्ञानही पुढे गेले. फेफरे आणि काही मनोविकारांवर कार्बामाझेपिन ही गोळी देतात. क्वचित कुणाची तिने कातडी सोलून निघते, प्राणही जातो. ज्यांच्या शरीरात ‘एचएलए-बी १५०२’ हा जनुकप्रकार असतो त्यांना हा धोका फार मोठा. रक्त तपासून तो आधीच कळतो व दुसरे औषध देता येते. आशियाई वंशाच्या रुग्णांची ही तपासणी गोळी सुरू करण्यापूर्वी करावी, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ सालीच सांगितले. (चालू गोळी कुणी मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.)

मग बीडच्या ऊसतोड कामगाराच्या लेकराला ही तपासणी का नको? २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क ठरवला आहे. फेफऱ्याच्या रुग्णालाही तोच न्याय हवा.

रक्तशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९३६ सालीच निरुत्तर केले. रक्त पाहून माणूस हलका ठरवण्याचे दिवस संपले पाहिजेत. ते तपासायचे त्याला वाचवण्यासाठी, आणि तेही जिल्हा रुग्णालयात, मोफत!