देवाचे झाड आणि आपली कुऱ्हाड

“झाडाझुडपांना मान देणे हा ख्रिस्ती माणसाचा धर्म नव्हे.” आमच्या चर्चच्या फाटकाजवळची जुनी चिंच तोडायचा विषय निघाला तेव्हा एका सुशिक्षित गृहस्थांनी हे वाक्य भर सभेत उच्चारले. वास्तविक त्या चिंचेला कोणी हळदकुंकू वाहत नव्हते. तिच्या सावलीत मिस्सानंतर म्हातारी माणसे टेकत, एवढाच तिचा अपराध. गाड्या लावण्यासाठी जागा हवी होती, पण गाडीचे नाव घेण्यापेक्षा धर्माचे नाव घेणे सोयीचे पडते. सभेत कोणी उलट बोलले नाही. मीही बोललो नाही. तेव्हा जे बोलायला हवे होते ते आज लिहितो, आणि त्यासाठी वाचकांना थेट केनियात नेतो.

न्येरी परिसरातील इहिथे या गावी १ एप्रिल १९४० रोजी वांगारी मथाई यांचा जन्म झाला. जमात किकुयू. घराजवळ वडा-उंबराच्या कुळातले एक प्रचंड झाड होते. किकुयू लोक त्याला मुगुमो म्हणतात. सरपणाला निघालेल्या पोरीला आईने बजावले होते, या झाडाची काटकीही आणायची नाही, हे देवाचे झाड आहे. त्या झाडाशेजारीच एक झरा उगम पावत असे. त्यात बेडकांच्या अंड्यांचे पुंजके तरंगत, आणि हे मणी गळ्यात घालता येतील म्हणून ती पोर ते उचलू पाही. हातात येताच ते निसटत. पुढे शास्त्र शिकल्यावर तिला आईच्या शब्दाचा अर्थ उलगडला. मुगुमोची मुळे खडक भेदून भूजलापर्यंत खोल जातात, त्या वाटेने पाणी वर येते, आणि तीव्र उताराची माती जागच्या जागी धरली जाते. आईला भूगर्भशास्त्र ठाऊक नव्हते. पण भूगर्भशास्त्राने जे सांगितले असते ते आई आधीच पाळत होती.

येथे आमच्या गृहस्थांच्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. किकुयू लोक झाडाची पूजा करीत होते काय? नाही. ते न्गाय या एकाच देवाला मानत, माउंट केनिया पर्वताकडे तोंड करून त्याची प्रार्थना करीत आणि अर्पणे मुगुमोखाली करीत. झाड हे प्रार्थनेचे स्थान होते, प्रार्थनेचा विषय नव्हे. आपण वेदीला वंदन करतो ते दगडाला करतो काय? मिशनरी आले आणि त्यांनी सांगितले की देव पर्वतावर नसतो, स्वर्गात असतो. शिकवण चुकीची नव्हती, परंतु तिचा एक परिणाम कोणी हिशेबात धरला नाही. देव पर्वतावरून उठवला की पर्वत विकायला मोकळा होतो. अमेरिकेतून शिकून परतलेल्या वांगारी गावी गेल्या तेव्हा ते झाड उरले नव्हते. नव्या मालकाने चहाच्या लागवडीसाठी ते तोडले होते. झरा आटला होता आणि बेडूकही गेले होते.

म्हणून मिशनला दोष देऊन मोकळे व्हावे, असेही मी म्हणणार नाही. ते अर्धसत्य ठरेल. याच मुलीला न्येरीच्या मथारी मिशनमधील कोन्सोलाता सिस्टरांनी शिकवले, तेथेच ती कॅथलिक झाली. पुढे लिमुरूच्या लोरेटो सिस्टरांनी आणि अमेरिकेत कॅन्ससमधील बेनेडिक्टाइन सिस्टरांनी तिला घडवले. १९७१ साली ती डॉक्टरेट झाली, पूर्व व मध्य आफ्रिकेतील पहिली स्त्री. सेवेचे व्रत तिने मठात पाहिले, आणि कशाची सेवा करायची हे तिला आईच्या झाडाने सांगितले. यांतील एक बाजू वगळली तर वांगारी मथाई उरत नाहीत.

५ जून १९७७ रोजी नैरोबीत त्यांनी सात रोपे लावली आणि ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ सुरू झाली. खेड्यांतल्या बायकांचे गाऱ्हाणे साधे होते: सरपण नाही, स्वच्छ पाणी नाही, पोराबाळांना सकस अन्न नाही. त्यांना रोपवाटिका करायला शिकवावे म्हटले तर वनखात्यातले तज्ज्ञ हसले. झाड लावायला पदविका लागते म्हणे! बायकांनी पदविकेविना झाडे लावली आणि २००४ साली त्यांच्या नेत्या नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकरी ठरल्या तेव्हा ती तीन कोटींच्या घरात गेली होती.

मधला काळ मात्र पुरस्कारांचा नव्हता. १९८९ साली नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये साठ मजली इमारत उठणार होती. वांगारी आडव्या आल्या. संसदेत त्यांच्या घटस्फोटाची टिंगल झाली, आणि आफ्रिकन परंपरेत स्त्रीने पुरुषांचा मान राखून गप्प बसावे, असे खुद्द राष्ट्राध्यक्षांनी ऐकवले. गंमत पाहा, ज्यांना पार्क विकायचा होता त्यांनाच परंपरा आठवली. इमारत झाली नाही. जानेवारी १९९९ मध्ये करूरा जंगल वाचवताना त्यांचे डोके फोडले गेले. तक्रारीवर त्यांनी आपल्या रक्ताने खूण केली.

कोणी म्हणेल, या आफ्रिकेच्या गोष्टी आहेत. पण आपल्या वसईतही पाणी आणि हिरवाई यांसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर उतरले होतेच, आणि ‘फादरांनी वेदी सांभाळावी’ असे म्हणणारेही आपल्यातच होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये रोममध्ये अमेझॉन धर्मपरिषद चालू असताना तिथल्या आदिवासींच्या गर्भवती मातेच्या मूर्ती चर्चमधून उचलून तिबेर नदीत फेकण्यात आल्या. फेकणाऱ्यांनी स्वतःला श्रद्धेचे राखणदार मानले. रोमचे बिशप या नात्याने पोप फ्रान्सिस यांनी क्षमा मागितली. याच पोपमहाशयांनी २०१५ च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात लिहून ठेवले आहे की आदिवासींच्या लेखी जमीन ही विक्रीची वस्तू नसून देवाची आणि पूर्वजांची देणगी आहे, आणि ती ते सर्वांहून चांगली सांभाळतात. हे परिपत्रक आपल्या किती घरांत वाचले गेले? उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाला बागेची मशागत आणि राखण अशी दोन कामे दिली आहेत. पहिले आपण बिल्डरला दिले. दुसरे कोणाला दिले ते मला आठवत नाही.

२५ सप्टेंबर २०११ रोजी वांगारी निवर्तल्या. आपल्यासाठी लाकूड कापले जाऊ नये, ही त्यांची इच्छा. म्हणून शवपेटी बांबू, पपायरस आणि जलपर्णीची केली. त्यांची एक सूचना मला वारंवार आठवते. प्रभूच्या क्रुसासाठी कोणीतरी रानात जाऊन एक झाड तोडले होते. तेव्हा पुनरुत्थानाच्या आनंदात ख्रिस्ती लोकांनी ईस्टर सोमवारी झाडे लावावीत.

आमच्या चिंचेच्या जागी आता अकरा गाड्या उभ्या राहतात. कोपऱ्यात एका गाडीपुरती जागा सोडून तिथे येत्या ईस्टर सोमवारी खड्डा खणावा, असे मी पॅरिश कौन्सिलला लेखी कळवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. रोप मात्र मी घरी कुंडीत वाढवतो आहे. चिंचेचेच आहे.