शैवालाची जात, हंगाम आणि औषधाचा दावा

भिलाईपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर; तरीही समुद्री शैवालाचा अर्क येथील कृषी सेवा केंद्रांत पिकांचे जैवउत्तेजक म्हणून मिळतो. आता शैवालांतील बहुशर्करा मानवी औषधांसाठीही पुढे येत आहेत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सांधेदुखीवर शैवाल-अर्काच्या कॅप्सूल विकसित केल्या, हे कृषी संशोधनाचे निश्चितच यश होय. मात्र ‘शैवाल दाहशामक असते’ हे सरसकट विधान मला मान्य नाही.

दाहशामक औषधाची परीक्षा घेताना उंदराच्या पंजाला सूज आणण्यासाठी जे टोचले जाते, ते कॅरागीनन. तीही लाल शैवालातील सल्फेटयुक्त बहुशर्कराच! याउलट, सरगॅसमसारख्या तपकिरी शैवालातील फ्युकॉयडन पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटण्यापासून रोखते आणि प्राण्यांवरील प्रयोगांत सूज कमी करते.

रक्त गोठू न देण्याच्या गुणाचेही तसेच. (डासाच्या लाळेमुळे हा विषय आम्हा कीटकशास्त्रज्ञांना परका नाही.) तो गुण सल्फेट गटांचे प्रमाण, त्यांचे स्थान आणि रेणुभार यांवर ठरतो. डुकराच्या आतड्यापासून मिळणाऱ्या हेपरिनला शैवाल हा पर्याय सुचवला जातो, तेव्हा २००८ सालची घटना आठवावी. त्या वर्षी हेपरिनमध्ये अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेटची भेसळ आढळली. हीसुद्धा सल्फेटयुक्त बहुशर्करा. रक्त न गोठू देण्याच्या नेहमीच्या चाचणीत ती हेपरिनसारखीच वागली, म्हणून पकडली गेली नाही. रुग्णांचा रक्तदाब मात्र एकाएकी कोसळला आणि अमेरिकेत अनेक मृत्यूंशी तिचा संबंध जोडला गेला. केवळ परिणाम मोजून पदार्थाची ओळख पटत नाही, ती अशी.

कीटकशास्त्रात जातीची निश्चिती आणि संग्रहालयात जपलेला नमुना यांवाचून निष्कर्षाला किंमत नसते. शैवालाच्या औषधी संशोधनालाही हाच दंडक लावावा. जात, किनारा, काढणीचा महिना, रेणुभार, सल्फेटचे प्रमाण आणि जड धातूंचा अंश यांची नोंद नसलेल्या अर्काला औषधी दाव्याची परवानगी नसावी. वॉरफरिन वा ॲस्पिरिन घेणाऱ्या रुग्णांमध्ये रक्तस्रावाचा धोका वाढण्याची शक्यता वेष्टनावर मराठीत आणि हिंदीत छापणे बंधनकारक करावे.

नव्या कॅप्सूलपेक्षा आधी या नोंदींवर निधी खर्च व्हावा. मालवण व रत्नागिरीच्या खडकांवर वाढणाऱ्या सरगॅसमपासून हे काम सुरू करता येईल. महिनावार नमुने गोळा करण्यासाठी तेथील मच्छीमार महिलांना रीतसर मानधन द्यावे.