सोळाशे मीटरच्या पुढे

लातूर-नांदेडकडे पहाटे सैन्यभरतीची पोरं सोळाशे मीटर धावण्याचा सराव करतात. त्यांना मुरलीकांत पेटकर ठाऊक असावेत. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा हा गडी लहानपणी कुस्ती खेळला, लष्करात गेला, लष्कराच्या ईएमई या तांत्रिक दलात बॉक्सर झाला. 1965च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं अंग लुळं पडलं. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत जिंकून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण घेऊन आले. पद्मश्री मिळाली 2018मध्ये, म्हणजे तब्बल 46 वर्षांनी! जखमी जवान गावी परतला की आपण मिरवणूक काढतो. नंतर त्याला पोहण्याचा तलाव आणि प्रशिक्षक मिळतो का, हे जिल्ह्याच्या क्रीडा संकुलांनी आधी पाहावं.